कीर्तनाची पूर्वतयारी (ग्रामीण विदर्भ)

श्रोत्यांपुढे उभे राहण्याआधी कीर्तनकार विषय, प्रमाणे (आधाराची संतवचने), दृष्टांत आणि चाली यांची जी जुळणी करतो ती. विदर्भातील खेड्यांत सप्ताह, पुण्यतिथी आणि काला हे तिचे नेहमीचे प्रसंग.

‘कीर्तन’ हा शब्द संस्कृत ‘कॄत्’ (नाव घेणे, वर्णन करणे) या धातूपासून आला आहे. परंपरा नारदाला आद्य कीर्तनकार मानते; वारकरी संप्रदायात तो मान नामदेवांना दिला जातो. पूर्वरंगात (पहिल्या भागात) निरूपण आणि उत्तररंगात (दुसऱ्या भागात) आख्यान, म्हणजे कथा, ही नारदीय मांडणी आजच्या रूपात बहुधा अठराव्या शतकाच्या आसपास स्थिरावली असावी. मोरोपंत, महीपती यांच्या रचनांचा तिच्या आख्यानांत होणारा वापर याला पोषक आहे. वारकरी पद्धतीत आख्यान गौण असते आणि एकाच अभंगाचे चरणशः विवरण चालते. हा भेद तयारीतही उतरतो. नारदीय कीर्तनकार आख्यान पदांसकट बसवतो, तर वारकरी कीर्तनकार अभंग ‘सोडवतो’.

अभंग प्रसंगाला धरून निवडला जातो. काल्याच्या दिवशी कृष्णाच्या बाळक्रीडेचा, तर पुण्यतिथीला संतमहिम्याचा. मग ध्रुपदात मुख्य सिद्धांत कोणता, कोणत्या चरणावर शंका काढायची आणि तिचे समाधान कुठे करायचे हे ठरते. प्रत्येक विधानाला ज्ञानेश्वरीची ओवी किंवा तुकाराम, एकनाथ, नामदेव यांचा अभंग ‘प्रमाण’ म्हणून लागतो आणि तो पाठच असावा लागतो. चोपदार, विणेकरी, टाळकरी यांच्यातला एखादा जाणता चुकलेला चरण जागेवर दुरुस्त करतो, म्हणून पाठांतराला पर्याय नाही. चाल आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर (‘काळी दोन’, ‘काळी चार’), पेटीवाला व मृदंगी यांना आधी सांगावी लागते. सुमारे दोन तासांच्या कीर्तनात निम्मा भार त्यांच्यावरच असतो. या विद्येचे शिस्तशीर शिक्षण देणारी वारकरी शिक्षण संस्था विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीस स्थापन केली.

भाषेची पातळी सांभाळणे हा वऱ्हाडातील तयारीचा खास भाग आहे. प्रमाण हे ग्रंथातल्या रूपातच म्हटले जाते. दृष्टांत मात्र ‘मले’, ‘काहून’, ‘डोया’ (डोळा) अशा बोलीत येतो. त्यातली माणसे कापूस वेचणारी, तुरीच्या पेंढ्या बांधणारी असतात.

गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) कीर्तन कोणत्या साच्यात बसवावे, याविषयी एकमत नाही. नामगजर आणि संतवचने पाहता ते वारकरी वाटते. परंतु चरणशः विवरण त्यात नाही, आख्यानही नाही. कर्ज काढून केलेले सण, दारू, पशुबळी, अस्पृश्यता अशा विषयांवर श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत ते पुढे सरकते. त्यामुळे त्याला प्रबोधनाचा स्वतंत्र प्रकार मानणेच अधिक सयुक्तिक दिसते. त्यांची पूर्वतयारी कागदावर नव्हती. गावात पोचताच ते खराट्याने रस्ते झाडत आणि रात्री त्याच गावाला कीर्तन सांगत. घाण कुठे आहे, ती कोण करतो हे दिवसभरात पाहिलेले असे; झाडणे ही सेवा होती तशी विषयाची पाहणीही होती असे म्हणता येईल. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. प्रश्नाआधीचा थांबा किती मोजका असे, हे लिखित प्रतीपेक्षा त्यातच कळते.

तुकडोजी महाराजांची (१९०९–६८) रीत वेगळी. खंजिरीवर स्वरचित भजन आधी, भाषण मागाहून. भजनाचे ध्रुपद हाच भाषणाचा विषय. मोझरी येथील गुरुकुंज आश्रमातून (स्थापना १९३५) ही रीत त्यांच्या गुरुदेव सेवामंडळाच्या गावोगावच्या शाखांत पोचली.

झाडीपट्टीत (भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) लोकशिक्षणाचे हे काम पुष्कळ अंशी दंडार (तिथले लोकनाट्य) व नाटक करतात. त्यांची तयारी तालमीची असल्याने येथे घेतलेली नाही.