संशोधनातील पोकळी ओळखणे : ग्रामीण विदर्भातील आरोग्य आणि शिक्षण

एखादा निर्णय घ्यायचा असतो, पण त्यासाठी लागणारी माहिती कोणी गोळाच केलेली नसते, केलेली असली तर अपुरी असते किंवा ती वेगळ्याच लोकांची असते. अभ्यासातल्या अशा जागेला संशोधनातील पोकळी म्हणतात. विद्यापीठांत ‘रिसर्च गॅप’ हा शब्द सर्रास चालतो. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ‘या विषयावर फारसे काम झालेले नाही’ एवढे वाक्य टाकून हे काम उरकता येत नाही. काय माहीत नाही, कोणाबद्दल माहीत नाही आणि का माहीत नाही, अशी तीन उत्तरे द्यावी लागतात. ग्रामीण विदर्भात तिसरे उत्तर सर्वांत मोलाचे, कारण इथल्या कितीतरी पोकळ्या विषय अवघड म्हणून राहिलेल्या नाहीत. ज्यांच्याबद्दल त्या आहेत, त्या माणसांसाठी कोणत्याच नोंदवहीत रकाना नव्हता, म्हणून त्या राहिल्या.

पोकळीचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. काही गोष्टी जगात कोणालाच ठाऊक नसतात. काही दुसरीकडे सिद्ध झालेल्या असतात, पण धानपट्ट्यातल्या किंवा मेळघाटातल्या माणसांना त्या तशाच लागू पडतात का, हे तपासलेले नसते. आणि काही पक्क्या ठाऊक असतात, फक्त उपकेंद्रापर्यंत आणि वर्गापर्यंत पोचलेल्या नसतात. हा तिसरा प्रकार खरे तर अंमलबजावणीचा. तो पहिल्या दोहोंत मिसळला की नुकसान होते : जिथे डॉक्टरचे रिकामे पद भरायला हवे, तिथे आणखी एक सर्वेक्षण मंजूर होते. मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ पासून मुंबई उच्च न्यायालयासमोर याचिकांच्या रूपाने येत राहिला आहे. तिथली मुले का दगावतात, याची बहुतेक कारणे आता गूढ राहिलेली नाहीत.

शोधण्याच्या रीती

रूढ रीत म्हणजे आधीचे सगळे अभ्यास शिस्तीने गोळा करून पडताळणे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने आरोग्यक्षेत्रात ही शिस्त रुजवली. दुसरी रीत पुराव्यांच्या नकाशाची. एका बाजूला उपाय, दुसऱ्या बाजूला परिणाम मांडून तक्ता आखतात; ज्या चौकटी कोऱ्या राहतात तिथे अभ्यास नाही. कोऱ्या चौकटीचे कारण सांगण्यासाठी २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एक वर्गवारी मांडली. माहिती अपुरी किंवा ढोबळ आहे, पक्षपाती आहे, एकमेकींशी जुळत नाही, की ती हव्या त्या प्रश्नाचीच नाही, असे चार पर्याय तीत आहेत. ब्रिटनमधील जेम्स लिंड अलायन्स २००४ पासून रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून प्रश्नांचा अग्रक्रम ठरवते. हे गरजेचे का झाले, ते चाल्मर्स आणि ग्लाझिओ या वैद्यकीय संशोधकांच्या २००९ च्या लेखावरून कळते. वैद्यकीय संशोधनावरचा सुमारे ८५ टक्के खर्च वाया जातो, असा त्यांचा अंदाज होता आणि मुळात चुकीचा प्रश्न निवडणे हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक.

या रीतींची मर्यादा अशी की त्यांना छापून आलेलेच दिसते, आणि तेही बहुधा इंग्रजीत छापलेले. विदर्भातील बरीच माहिती आशाताईंच्या डायरीत, संस्थांच्या मराठी अहवालांत आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांतल्या, कोणी न उघडलेल्या प्रबंधांत असते. शिवाय जिथे संशोधन संस्था आहे, त्याच्या आसपासची गावे पुन्हा पुन्हा अभ्यासली जातात. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ चे, गडचिरोलीची ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था १९८६ ची. त्यांच्यामुळे वर्धा आणि गडचिरोलीबद्दल जेवढे लिहिले गेले, तेवढे वाशीम किंवा गोंदियाबद्दल सापडत नाही.

न विचारलेला प्रश्न

पोकळी ओळखण्याचे विदर्भातले सर्वांत ठळक उदाहरण ‘सर्च’चेच आहे. ऐंशीच्या दशकापर्यंत ग्रामीण बाईच्या आरोग्यावरचे संशोधन म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंब नियोजन. गर्भ नसलेल्या बाईच्या अंगावर पांढरे जाते, कंबर धरते, पाळी बिघडते, हे कोणत्याही आकडेवारीत नव्हते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असो वा नसो, सगळ्यांची. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, दर स्त्रीमागे सरासरी ३.६. आधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

हा शेवटचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. रुग्णालयाच्या कागदांवरून हा आजार कधीच दिसला नसता, कारण बायका रुग्णालयापर्यंत आल्याच नव्हत्या. जो दवाखान्यात येतो तोच आजारी, असे धरून चालणाऱ्या अभ्यासात ही पोकळी आपोआप तयार होते.

नवजात बालकांच्या मृत्यूंचेही तसेच. घरी जन्मून काही तासांत गेलेले बाळ जन्मनोंदीत येत नाही आणि मृत्यूनोंदीतही येत नाही. आलेच तर ‘मृत जन्मले’ म्हणून येते. म्हणून मृत्यूचे कारण घरच्यांकडून समजून घेताना एक साधा प्रश्न ठेवलेला असतो. सेविका ओसरीवर बसून आजीला विचारते, ‘लेकरू रडलं होतं काय? हातपाय हलवले होते काय?’ आजी म्हणाली ‘एकडाव रडलं’, तर ते मूल जिवंत जन्मले होते आणि त्याचा मृत्यू बालमृत्यूच्या रकान्यात जातो. नाही म्हणाली तर दुसऱ्या रकान्यात. विचारलेच नाही तर ते मूल कुठेच नसते. पहिलटकरणीच्या बाबतीत आणखी एक गुंता होतो. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण माहेरी. बाळ दगावले तर दोन्ही गावांना वाटते की दुसऱ्याने लिहिले असेल.

‘सर्च’ने आधी हे मृत्यू मोजले, मग घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबवली आणि ४७ गावांशी ताडून पाहिली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्या योजनेमागे हे काम आहे. मोजणी नसती तर उपायही सुचला नसता.

मनाच्या आजारांकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर कर्ज, सिंचन, भाव यांच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. २००६ मध्ये केंद्राने सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेजही दिले. मात्र उदास, हताश झालेल्या माणसांपैकी किती जण मदत घेतात, हे माहीत नव्हते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत चाललेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाने ते मोजले : सुरुवातीला नैराश्यग्रस्तांपैकी ४.३ टक्के, गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत अठरा महिने काम झाल्यावर २७.२ टक्के. याच विषयातली एक पोकळी अजून तशीच आहे. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे असतो. त्यामुळे निंदण, वेचणी, खुरपणी आयुष्यभर करणारी बाई आत्महत्या करते तेव्हा कागदावर ती शेतकरी नसते, ‘गृहिणी’ असते. हा अन्याय आहे, आणि संशोधनातली उणीवही.

फवारणीच्या विषबाधेबाबतही दिसलेला भाग थोडा आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चौकशी झाली. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, लिंबूपाणी पिऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतला, अशांची नोंद कोण ठेवणार? वर्षानुवर्षे थोडे थोडे औषध अंगात गेल्यावर काय होते, हे यवतमाळच्या मजुराबाबत सांगणे म्हणूनच कठीण आहे.

शाळेतला हजेरीपट

शिक्षणाबद्दल आकडे भरपूर आहेत. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे ‘असर’ सर्वेक्षण प्रत्येक जिल्ह्यातील ३० गावांत, दर गावी २० घरांत जाते. सरकारची राष्ट्रीय संपादणूक चाचणी शाळेत होते. दोन्ही उपयोगाची आहेत, पण दोन्हींतून काही मुले गळतात आणि ती कोणती हे ओळखीचे आहे. २०२१ ची संपादणूक चाचणी १२ नोव्हेंबरला झाली, म्हणजे दिवाळीनंतर लगेच. याच सुमारास पुसद भागातल्या तांड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीला निघतात, मेळघाटातली बाहेर मजुरीला पडतात. उन्हाळ्याच्या तोंडावर गडचिरोली-चंद्रपूरची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. शाळेतली चाचणी हजर मुलांचीच होते. घरोघरी जाणाऱ्यांना कुलूप दिसले तर ते पुढच्या घरी जातात. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. ते घेऊन गेलेले मूल परगावच्या शाळेत किती दिवस बसले आणि परत आल्यावर काय विसरले, याचा माग काढणारे अभ्यास तुरळकच.

भाषेची पोकळी याहून खोल आहे. गोंडी, माडिया, कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा, कोरकू मुंडा कुळातली. मराठीशी त्यांचे कुळाचे नाते नाही. ‘असर’च्या वाचनचाचणीत अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. भामरागड तालुक्यातली, घरी माडिया बोलणारी पाचवीतली मुलगी परिच्छेदाशी अडखळली, तर ‘दुसरीची गोष्ट वाचू शकत नाही’ अशी नोंद होते. तिला वाचता येत नाही की मराठी येत नाही, हे त्या नोंदीवरून कळत नाही. उलटही घडते : मुलगी घडाघडा वाचते, वरच्या पायरीवर नोंदली जाते, आणि गोष्टीत काय झाले ते तिला सांगता येत नाही. दोन्ही मुलींना वेगवेगळी मदत हवी. शिक्षकाला हे पहिल्या आठवड्यात कळते. आकडेवारीला अजून कळलेले नाही. मुलांच्या घरच्या भाषेत केलेली चाचणी आणि मराठीतली चाचणी शेजारी ठेवून पाहणे, ही इथली सर्वांत निकडीची गरज आहे.

जिल्ह्याची सरासरी हाही एक पडदाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५–१६ पासून जिल्हावार आकडे द्यायला सुरुवात केली, ती मोठी सोय झाली. तरी गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेने जोडलेले वडसा आहे आणि दुर्गम जंगलातले भामरागडही आहे. दोघांची मिळून जी सरासरी निघते, ती त्यांतल्या कोणत्याच गावाची नसते.

प्रश्न कोणी ठरवायचे

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने या बाबतीत वेगळी वाट पाडली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत असते, तिच्यामागचा अभ्यासगट फारसा माहीत नसतो. गावचे पुढारी देवाजी तोफा, सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांनी चालवलेल्या या गटात एखादा विषय ग्रामसभेपुढे येण्याआधी चर्चिला जाई : आपल्याला यातले काय ठाऊक आहे, काय नाही, कोणाला विचारायचे. बाहेरचा जाणकार बोलावला तर तो माहिती देई, निर्णय गावाचाच. २००९ मध्ये जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे ते देशातल्या पहिल्या काही गावांपैकी एक ठरले. आरोग्य आणि शिक्षणाच्या प्रश्नांवर असे अभ्यासगट बसले, तर संशोधकांच्या याद्यांत नसलेले प्रश्न वर येतील. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की विहिरीच्या खाऱ्या पाण्याने मूत्रपिंडे जातात. पाण्याच्या क्षारांचा या आजाराशी नेमका किती संबंध, उष्णता, वेदनाशामक गोळ्या आणि रक्तदाबाचा वाटा किती, हे गाववार वेगळे करून दाखवणारा दीर्घ अभ्यास तिथल्या लोकांना हवा आहे.

दोन रजिस्टरांच्या मध्ये

आरोग्य आणि शिक्षण ही दोन खाती वेगळी असल्यामुळे त्यांच्या मधोमध एक पोकळी राहते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार हे त्याचे उदाहरण. नागपूर भागात हा आजार असल्याचे १९५८ मध्येच प्रसिद्ध झाले होते. १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. आजार असलेल्या मुलाचे हातपाय, पोट, कंबर असह्य दुखते, ताप येतो, चार-आठ दिवस ते अंथरुणात असते. उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण, असे लिहिलेले असते. शाळेच्या हजेरीपटावर त्याच दिवसांत नुसती ‘गैरहजर’ची खूण असते, आणि वर्षअखेरीस ते मूल ‘अनियमित’ ठरते. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतले आहे, तरी शिक्षकाला ही गोष्ट माहीत असतेच असे नाही.

शाळांकडे आता विद्यार्थीवार ऑनलाइन नोंदी आहेत, मोहिमेकडे तपासणीची कार्डे आहेत. ती जोडून किती शाळा बुडते, कोणत्या महिन्यात बुडते, औषध नियमित मिळाल्यावर फरक पडतो का, हे एका तालुक्यापुरते तरी लगेच पाहता येईल. हे करताना नावे आधी काढून टाकावी लागतील, कारण ‘वाहक’ (स्वतः आजारी नसलेली, पण आजाराचे जनुक असलेली) असल्याचा बोभाटा झाला की गावात मुलीच्या लग्नाला अडचण येते. पालकांची संमती कागदावरच्या अंगठ्यापुरती न ठेवता त्यांच्या बोलीत समजावून घ्यावी लागेल, आणि निष्कर्ष आधी त्याच शाळेत, त्याच उपकेंद्रात सांगावे लागतील.