वेल्डर ट्रेड झालाय आणि डिग्री करायचीय? मग फॉर्म भरायच्या आधी हे बघा

भाच्याचा फोन आला, मामा वेल्डरचं वर्ष संपलं, आता डायरेक्ट सेकंड इयर डिप्लोमाला फॉर्म टाकतो. म्हटलं थांब जरा. बरीच पोरं इथंच फसतात. डायरेक्ट सेकंड इयरला दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय लागतो, म्हणजे फिटर, टर्नर, मशिनिस्ट असलं काहीतरी, आणि वेल्डर ट्रेड आहे एका वर्षाचा, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर ती सीट मिळत नाही. बारावी सायन्स केलं असेल तर गोष्ट वेगळी.

मग करायचं काय, तर सरळ फर्स्ट इयर डिप्लोमा. दहावीला ३५ टक्के असले की चालतं, मेकॅनिकल किंवा मेटलर्जी (धातूंचं शास्त्र) घ्यायची. वेल्डरला आठवी पासवर पण ॲडमिशन मिळतं, तसं घेतलेल्यांनी आधी दहावी काढा. ३ वर्षं डिप्लोमा, मग डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर, तिथं ओपनला ४५ आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. हे ॲडमिशन राज्याचं सीईटी सेल (प्रवेश परीक्षा घेणारं सरकारी ऑफिस) करतं पण सीईटी द्यायची नसते, मेरिट डिप्लोमाच्या मार्कांवर लागतं. डिप्लोमाचं ॲडमिशन मात्र तंत्रशिक्षण संचालनालयाकडे, दोन्ही पोर्टल वेगळी आहेत, घोळ करू नका.

आता "वेल्डिंगची डिग्री" म्हणाल तर आपल्याकडे त्या नावाने बीटेक शोधत बसू नका, पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत मेटलर्जी आहे, तिथंच वेल्डिंगचं खरं डोकं शिकवतात. रॉड चालवता तुम्हाला येतंच हो, पण वेल्ड दिसायला एक नंबर आणि बाजूच्या पट्ट्यात दुसऱ्या दिवशी बारीक क्रॅक, तो का गेला हे तिथं कळतं. पुढे गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) देऊन तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत वेल्डिंग इंजिनिअरिंगमध्येच एमटेक करता येतं.

कागदपत्रं: दहावीची मार्कशीट, एलसी, डोमिसाईल, आधार, आणि कॅटेगरीवाल्यांना जातीचा दाखला, जात पडताळणीचं प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी. ओबीसीवाल्यांनो, नॉन क्रिमीलेयर ॲडमिशनच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे, जुनं घेऊन गेलात तर ओपनमध्ये धरतात. माझ्या वेळेस असंच झालं, दाखला तीन महिन्यांपूर्वी संपलेला आणि खिडकीवरचा माणूस वर मान करून बघायला पण तयार नाही, मग तहसीलच्या चार चकरा! सेतूत जूनमध्ये गर्दी मरणाची असते, एप्रिलमध्येच टाकून द्या. ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल गट) पण तसंच, राज्याच्या नमुन्यातलं लागतं.

घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएसला (फी माफीची योजना) टिक करा, ट्युशन फी माफ होते, सीटा कमी असतात पण टिकच नाही केली तर विषयच संपला.

फॉर्म भरला म्हणजे झालं नाही, कागदं तपासून कन्फर्म झाली का ते लॉगिनला बघत राहा, काही त्रुटी काढली तर तिथंच दिसते. आणि ऑप्शन फॉर्मला, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीच्या यादीत, पहिल्या नंबरला उगाच कुठलंही कॉलेज टाकू नका, ते लागलं की ऑटो फ्रीज, म्हणजे सीट आपोआप पक्की, पुढच्या राउंडला जाता येत नाही. भाच्याने पहिलं कॉलेज घराजवळचं म्हणून टाकलेलं, तिथं मेटलर्जी नव्हतीच, रात्री साडेअकराला बसून यादी बदलली तेव्हा कुठं जमलं.