उत्तर सापडणे आणि उत्तर पडताळणे

बुद्धिबळाच्या इंजिनांसाठी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालींसाठी, चाचणीच्या स्थितींचे संच तयार करणारे अनेक जण ‘स्थिती तपासलेली आहे’ असे लिहितात, तेव्हा प्रत्यक्षात एवढेच झालेले असते, की एका बलवान इंजिनाला ती स्थिती दिली आणि त्याने संचात नोंदवलेलीच खेळी काढली. याला पडताळणी म्हणणे मला मान्य नाही. इंजिनाला उत्तर सापडते तेव्हा परीक्षा इंजिनाची होते. पडताळणीत ती प्रश्नाची व्हायला हवी.

उत्तर सापडण्याविषयी फार सांगायला नको. ईपीडी ओळीत (स्थिती आणि तिचे उत्तर एका ओळीत लिहिण्याची पद्धत) ‘बीएम’पुढे, म्हणजे ‘बेस्ट मूव्ह’ किंवा सर्वोत्तम खेळी म्हणून, लिहिलेली खेळी इंजिनाने ठरलेल्या वेळात निवडली आणि धरून ठेवली, की गुण मिळतो.

पडताळणीत मात्र दोन विधाने सिद्ध करावी लागतात: नोंदवलेली खेळी जिंकते आणि दुसरी कोणतीही जिंकत नाही. गफलत होते ती या दुसऱ्या विधानात. अल्फा-बीटा पद्धतीने (निरुपयोगी ठरणाऱ्या शाखा छाटत) शोध घेणारे इंजिन एकच ओळ दाखवत असते, तेव्हा उरलेल्या खेळ्या पहिलीपेक्षा सरस नाहीत एवढेच ते तपासते. त्या जिंकतात की नाही, हे ते पाहतच नाही. पहिल्या खेळीचे मूल्यमापन (प्याद्यांच्या हिशेबात) अधिक नऊ आणि दुसरीचे अधिक सहा असेल, तर दोन्ही जिंकतात आणि प्रश्न बाद होतो. म्हणून मी उत्तराची खेळी वगळून उरलेल्या खेळ्यांवरच इंजिनाला दीर्घकाळ विचार करायला लावतो. तीन इंजिनांचे एकमत हा मला पुरावा वाटत नाही.

आता एक छोटी स्थिती घ्या: पांढरा राजा सी२ वर, प्यादे सी७ वर, काळा राजा ए१ वर, हत्ती डी४ वर, खेळी पांढऱ्याची. १८९५ मध्ये ग्लासगोच्या एका साप्ताहिकात त्याचे बुद्धिबळ-स्तंभलेखक बार्बिए यांनी हा शेवट बरोबरीचा म्हणून छापला होता, कारण प्याद्याचा वजीर केला तर काळा हत्ती सी४ वर शह देतो आणि वजिराने तो मारताच काळ्याला खेळी उरत नाही. फादर सावेद्रा यांनी प्याद्याचा हत्ती करून दाखवला: ए८ वरून मात होण्याची धमकी, ती टाळायला काळा हत्ती ए४ वर, मग पांढरा राजा बी३ वर, आणि हत्ती किंवा डाव, दोन्हींपैकी एक जातोच.

चार मोहऱ्यांची ही स्थिती अंतिम स्थितींच्या कोष्टकात (थोड्या मोहऱ्यांच्या प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल आधीच काढून ठेवलेला संग्रह) घातली, तर राजा बी३ ही खेळीही ‘विजय’ म्हणून दिसते, आणि घाईघाईने लोक प्रश्नाला दुसरे उत्तर असल्याचे जाहीर करतात. पण त्या खेळीनंतर काळा हत्ती डी३ वर शह देतो, राजाला सी२ वर परतावे लागते, हत्ती पुन्हा डी४ वर येतो आणि आपण मूळ स्थितीतच उभे असतो. जिंकायला प्याद्याचा हत्ती तेव्हाही करावाच लागतो. हे दुसरे उत्तर नव्हे, तो वेळकाढूपणा आहे. कोष्टक निकाल सांगते, वाट सांगत नाही. म्हणून संशयित खेळीची विजयाची ओळ शेवटपर्यंत खेळून पाहावी. ती मूळ स्थितीतूनच जात असेल तर प्रश्न शाबूत राहतो; स्वतंत्र वाटेने जिंकत असेल तर दोन्ही खेळ्या ‘बीएम’मध्ये लिहाव्यात किंवा स्थिती संचातून काढून टाकावी.