शुगर असेल तर चष्म्याच्या नंबराची घाई नको

मधुमेह असलेल्या आमच्या सर्व ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. काउंटरवर गर्दी असली की एवढं सगळं नीट सांगणं होत नाही, म्हणून छापून ठेवलं. घरी नेऊन निवांत वाचा.

मागच्या वर्षी ऐन द्राक्षाच्या हंगामात तासगावकडचे एक काका आले. लांबचं धूसर दिसतंय म्हणाले. तोवर त्यांना फक्त वाचायचा चष्मा होता. तपासलं तर मायनस सव्वा निघाला. चष्मा करून दिला, काका खूश होऊन गेले. तीन आठवड्यांनी तोच चष्मा हातात घेऊन हजर. "घातला की जास्तच अंधुक दिसतंय." पुन्हा तपासलं, तर मायनस पार गेलेला. मग विचारपूस केली. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची शुगर साडेतीनशेच्या वर होती. मधल्या काळात डॉक्टरांनी इन्सुलिन चालू केलं आणि ती खाली आली. मशीन बरोबर होतं, काचही बरोबर होती, पण शुगरचं विचारायचं आम्ही राहिलो. चूक आमची, म्हणून काचा बदलून दिल्या. तेव्हापासून इथं पहिला प्रश्न शुगरचाच असतो.

असं का होतं, ते समजलं की शुगरनं मोतीबिंदू का होतो, हेही कोडं उलगडतं.

बाहुलीच्या मागे मसुराच्या आकाराचं, जेमतेम 9 ते 10 मिलिमीटर रुंद असं एक पारदर्शक भिंग असतं. त्यात साधारण दोन तृतीयांश पाणी आणि उरलेलं जवळजवळ सगळं प्रथिन. त्याला रक्तवाहिनी नाही. असती तर आरपार दिसलंच नसतं. डोळ्याच्या आत जे पाणी खेळतं (अश्रू नव्हेत, ते वेगळे) त्यातूनच भिंग आपली साखर घेतं. आणि इथंच खरी मेख आहे. दंडाच्या स्नायूत साखर शिरायला इन्सुलिन लागतं, भिंगाला लागत नाही. त्याचं दार उघडंच. रक्तात साखर वाढली की डोळ्यातल्या पाण्यात वाढते, आणि तिथून थेट भिंगात.

साखर नेहमीइतकी असेल तर भिंग ती नेहमीच्या वाटेनं जाळून वापरतं. ती वाट तुंबली की उरलेल्या साखरेला अल्डोज रिडक्टेज नावाचं एन्झाइम पकडतं आणि तिचं सॉर्बिटॉल करतं. सॉर्बिटॉल पेशीच्या आवरणातून सहजी बाहेर पडत नाही. पुढं त्याचं फ्रुक्टोज होतं खरं, पण सावकाश. म्हणून ते आत साठत जातं. आता तासगावचे चार बेदाणे रात्री वाटीभर पाण्यात टाका आणि सकाळी बघा. टम्म फुगलेले असतात, कारण आतल्या गोडव्यानं पाणी ओढून घेतलं. भिंगाच्या तंतूंचं अगदी तेच होतं. भिंग फुगलं, त्याचा बाक बदलला की नंबर सरकतो, बहुतेकदा मायनसकडे. साखर उतरली की पाणी बाहेर येतं आणि नंबर मागे फिरतो. काकांचा चष्मा त्यामुळंच फसला. तंतू फार फुगून फुटले तर मात्र ते परत जुळत नाहीत. तिथं पांढरा डाग उरतो, तोच मोतीबिंदू.

उंदरांच्या मोतीबिंदूत हे सॉर्बिटॉल 1959 साली ऑक्सफर्डच्या रूथ व्हॅन हेनिंगेन यांनी दाखवलं. पण उंदराच्या भिंगात ते एन्झाइम माणसापेक्षा पुष्कळ जास्त असतं. म्हणून बेदाण्याची गोष्ट जास्त लागू पडते ती लहान वयात मधुमेह झालेल्यांना. शुगर फार चढलेली असताना त्यांच्या भिंगात काही दिवसा-आठवड्यांतही हिमकणांसारखे पांढरे ठिपके उमटू शकतात. साठीच्या माणसाचं दुखणं बरंचसं वेगळ्या वाटेनं येतं.

ती वाट घरच्या कढईत दिसते. खव्यासाठी दूध आटवायला ठेवलं की हळूहळू तांबूस होतं. दुधातली साखर आणि प्रथिन एकमेकांना चिकटतात, म्हणून तो रंग. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी 1912 मध्ये ही क्रिया मांडली. भिंगात तीच क्रिया शरीराच्या उष्णतेवर, वर्षानुवर्षं चालू राहते. साखर चिकटलेली प्रथिनं एकमेकांत गुंततात, त्यांच्या गाठी होतात, रंग पिवळा आणि मग तपकिरी होत जातो. प्रकाश सरळ न जाता विखुरतो. तुमची एचबीएवनसी तपासणीसुद्धा हेच मोजते, फक्त रक्तातल्या हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर. पण तांबडी पेशी साधारण 120 दिवसांत जाते आणि नवी येते. भिंगाच्या मधला भाग तर आपण आईच्या पोटात असताना घडलेला असतो, आणि ते प्रथिन जन्मभर बदललं जात नाही. दहा वर्षांपूर्वी शुगर वाढलेली असेल तर तिचं चिकटलेलं तिथं आजही आहे.

शिवाय सॉर्बिटॉल करताना जे इंधन खर्ची पडतं, तेच ग्लुटाथिऑन टिकवायलाही लागतं. ग्लुटाथिऑन म्हणजे भिंगाला गंजण्यापासून वाचवणारं द्रव्य. ते कमी पडलं की ऊन आणि विडी-सिगारेटचा त्रास भिंगाला जास्त होतो.

शुगर-फ्री गोळीतल्या सॉर्बिटॉलनं मोतीबिंदू होतो का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही. भिंगातलं सॉर्बिटॉल भिंगातच तयार होतं.

आता उपयोगाचं. ब्रिटनमध्ये प्रौढ मधुमेहींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात एचबीएवनसी 1 टक्क्यानं कमी असेल तिथं मोतीबिंदू काढायची वेळ येण्याचं प्रमाण 19 टक्क्यांनी कमी दिसलं. मोतीबिंदू विरघळवणारं सिद्ध झालेलं औषध मात्र आजही नाही. थेंब नाही, मध नाही, कांद्याचा रस तर मुळीच नाही. कांद्याच्या रसानं लाल झालेले डोळे आम्ही इथं पाहिले आहेत, कृपा करून असलं काही घालू नका.

आजी अचानक चष्म्याशिवाय सुई ओवायला लागली, तर घरात कौतुक होतं. "नजर परत आली" म्हणतात. बऱ्याचदा तो पिकत चाललेला मोतीबिंदू असतो, नाहीतर वाढलेली शुगर. तिला आमच्याकडे आणण्याआधी डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्या. मिरज रोडला रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसत असतील, किंवा सहा महिन्यांत दोनदा नंबर बदलला असेल, तरी तेच करा.

"पिकू दे, मग काढू" हे जुनं झालं. शुगरवाल्यांनी तर तसं थांबूच नये. भिंग दाट झालं की डॉक्टरांना मागचा पडदा दिसत नाही, आणि शुगरनं पडद्यावर होणारं नुकसान लपून राहतं. मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवता येतं, पडदा बदलता येत नाही. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. त्या दिवशी गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्या.

आमच्याकडे येताना शेवटचा शुगरचा रिपोर्ट, एचबीएवनसी केलं असेल तर तेही, आणि जुना चष्मा आणा, काडी मोडलेली असली तरी. औषध नुकतंच सुरू झालं असेल किंवा बदललं असेल, तर शुगर स्थिर झाल्यावर साधारण सहा आठवडे जाऊ द्या. तोवर अडत असेल तर हंगामी नंबराच्या साध्या काचा स्वस्तात लावून देऊ. प्रोग्रेसिव्हची (एकाच काचेत लांबचा आणि वाचायचा नंबर) ऑर्डर तेव्हा आम्ही घेत नाही, कितीही आग्रह केलात तरी.