शोधायला गेलेलेच हरवायचे : ध्रुवीय बचावकार्यात ड्रोन कसा आला

ध्रुवीय प्रदेशात कुणी अडकलं, की त्याला बाहेर काढण्याआधी तो नेमका कुठे आहे हे कळणं हीच मोठी लढाई असते. शोधायला निघालेल्यांनीही तिथे जीव गमावले आहेत. ड्रोनकडे मी याच इतिहासातून पाहतो.

२३ मे १९२८ रोजी इटालियन वायुनौका-अभियंते उम्बेर्तो नोबिले यांची ‘इतालिया’ ही वायुनौका (वायू भरलेल्या मोठ्या फुग्याखाली माणसांची खोली असलेलं यान) नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंडहून उत्तर ध्रुवाकडे निघाली. परतीच्या वाटेवर, २५ मे रोजी, ती बर्फावर आदळली. सहा जण फुग्यासोबत वाहून गेले, ते कधीच सापडले नाहीत. बर्फावर पडलेल्यांपैकी एक जण दगावला. उरलेल्या नऊ जणांकडे एक तंबू आणि एक छोटा रेडिओ होता. उंची मोजण्यासाठी वरून टाकायच्या काचेच्या गोळ्यांमध्ये लाल रंग असे. विमानातून दिसावा म्हणून त्याच रंगाने त्यांनी तंबूवर पट्टे ओढले.

३ जूनला रशियातल्या एका खेड्यात निकोलाय श्मिट या हौशी रेडिओवाल्याने त्यांचा संदेश पकडला. म्हणजे ठिकाणाचा साधारण अंदाज आला होता. तरीही १७ जूनला दोन नॉर्वेजियन विमानं काही किलोमीटरवरून निघून गेली. बर्फावरच्यांना विमानं दिसली, वैमानिकांना तंबू दिसला नाही! तरंगता बर्फ रोज सरकतो, सावल्या फसवतात आणि पांढऱ्या पसाऱ्यात रंगीत ठिपकाही हरवून जातो. दुसऱ्याच दिवशी नोबिलेंना शोधायला, दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचलेले नॉर्वेजियन संशोधक रोआल्ड आमुंडसेन नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून उडाले, ते पाच साथीदारांसह बेपत्ता झाले. स्वीडिश वैमानिक लुंडबोर्ग यांनी २३ जूनला तंबूजवळ विमान उतरवून नोबिलेंना बाहेर काढलं. पुढच्या फेरीत विमान उलटलं आणि लुंडबोर्ग स्वतःच तिथे अडकले. अखेर १२ जुलैला ‘क्रासिन’ हे रशियन बर्फफोडं जहाज तंबूपाशी पोहोचलं.

पुढे उपग्रहांनी बराच फरक पाडला. सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी ऐन शीतयुद्धात मिळून कोस्पास-सारसॅट ही यंत्रणा उभारली. संकटातल्या विमान-जहाजावरचं बीकन, म्हणजे धोक्याचा रेडिओ-संदेश सोडणारं छोटं यंत्र, ती उपग्रहांतून ऐकते आणि ठिकाण शोधते. १९८२ मध्ये कॅनडात पडलेल्या एका छोट्या विमानातले तिघे तिच्यामुळे वाचले. २०११ मध्ये आर्क्टिक परिषदेच्या, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या, आठ देशांनी ग्रीनलंडमधल्या नूक इथे करार करून शोध-बचावाची हद्द आपापसांत वाटून घेतली. पण बीकन बिघडलं, किंवा मुळात जवळ नसलंच, तर पुन्हा डोळ्यांवरच भिस्त.

ड्रोन उत्तरेकडे आला तो माणसं शोधायला नव्हे, बर्फ बघायला. जानेवारी २०१२ मध्ये अलास्कातल्या नोम गावाला इंधन पोहोचवायला ‘रेंडा’ हा टँकर ‘हीली’ या बर्फफोड्या जहाजामागून गेला, तेव्हा किनाऱ्याजवळचा बर्फ पाहायला छोटा ड्रोन वापरला होता. पुढच्याच वर्षी, मे २०१३ मध्ये, कॅनडाच्या सस्काचेवान प्रांतात उलटलेल्या गाडीपासून भरकटलेला एक जखमी चालक रात्री हेलिकॉप्टरलाही सापडत नव्हता. तो पोलिसांच्या ड्रोनवरच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला दिसला. हा भाग ध्रुवीय नाही, पण १७ जून १९२८ ला जे हवं होतं ते नेमकं हेच. थंड बर्फावर माणसाचं ऊबदार शरीर या कॅमेऱ्यात उठून दिसतं. आणि ड्रोन कोसळला तर यंत्र जातं, आमुंडसेन जात नाहीत.

अडचणी खऱ्या आहेत. कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरी लवकर बसते. पात्यांवर बर्फाचा पातळ थर चढला तरी ड्रोन खाली येऊ लागतो. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्रावर विसंबता येत नाही. विषुववृत्तावरचे दळणवळण उपग्रह ध्रुवाजवळ क्षितिजाखाली जातात, त्यामुळे ध्रुवावरून फिरणाऱ्या उपग्रहांचाच आधार घ्यावा लागतो. शिवाय छोटा ड्रोन कुणाला उचलून आणू शकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रीनलंडच्या आल्पेफ्योर्डमध्ये ‘ओशन एक्सप्लोरर’ हे पर्यटक जहाज २०६ जणांसह रुतलं. ते कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मदतीला निघालेलं डॅनिश नौदलाचं जहाज दोन हजार किलोमीटरहून जास्त दूर होतं. तीन दिवसांनी ‘ताराजोक’ या मत्स्यसंशोधन जहाजाने ते ओढून काढलं.

म्हणून मला आता वजन वाहणाऱ्या ड्रोनबद्दल जास्त आशा वाटते. २०२४ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या संशोधन संस्थेने अंटार्क्टिकातल्या आपल्या रोथेरा तळावर सुमारे १०० किलो वाहू शकणाऱ्या ड्रोनच्या चाचण्या घेतल्या. त्या वैज्ञानिक सर्वेक्षणासाठी होत्या, पण एवढ्या वजनात तंबू, अन्न, औषधं आणि चालू रेडिओ सहज बसतो.