ओळखीचा प्रोग्रॅम, अनोळखी पत्ता

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपच्या ऑफिसात बिलिंगचा जो कॉम्प्युटर असतो, त्याचा दिवस ठरलेला असतो. टॅली, ई-वे बिल, बँकेची साईट, आणि पुण्या-कोल्हापूरच्या गिऱ्हाइकांनी मेलवर धाडलेली ड्रॉइंग. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याकडे किंवा खानापूरच्या एखाद्या सोसायटीत थोड्याफार फरकानं हेच चालतं. अशा कॉम्प्युटरवर विंडोजचा ‘सर्टयुटिल’ हा प्रोग्रॅम एका दुपारी कुठल्याशा अनोळखी सर्व्हरवरून फाईल उतरवू लागला, तर नुसत्या नावावरून त्याच्यावर हरकत घेता येत नाही. तो विंडोजबरोबरच आलेला असतो आणि त्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते. त्याचं खरं काम डिजिटल प्रमाणपत्रं सांभाळण्याचं. पण इंटरनेटवरून फाईल आणण्याची सोयही त्यात आहे, आणि चोराला नेमकी तीच हवी असते.

विंडोजमध्ये असे बरेच प्रोग्रॅम आहेत. लिहिलेल्या आज्ञा चालवणारा पॉवरशेल, वेबपानासारख्या फाईली चालवणारा एमएसएचटीए, तसेच रेगएसव्हीआर३२, रनडीएलएल३२, बिट्सअ‍ॅडमिन. यातला एकही व्हायरस नाही. बाहेरून नवा प्रोग्रॅम आणला तर तो पकडला जाण्याची भीती असते, म्हणून हल्लेखोर घरातलीच हत्यारं वापरतात. या पद्धतीकडे क्रिस्तोफर कॅम्पबेल आणि मॅट ग्रेबर यांनी २०१३ साली अमेरिकेतल्या डर्बीकॉन परिषदेत लक्ष वेधलं. मे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘व्होल्ट टायफून’ या टोळीची माहिती उघड केली. अमेरिकेतल्या अत्यावश्यक सेवांच्या यंत्रणांत शिरलेली ही टोळी मुख्यतः याच पद्धतीवर विसंबून होती.

मग ओळखायचं कसं? प्रोग्रॅम कोण आहे हे विचारून भागत नाही, तो काय करतोय हे विचारावं लागतं. त्याला कुणी सुरू केलं, कुठल्या आज्ञेनं सुरू केलं, तो कुठल्या पत्त्याशी बोलतोय आणि किती वेळानं?

पहिल्या प्रश्नातच बरंच काही कळतं. विंडोजमधला प्रत्येक प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅमनं सुरू केलेला असतो. मेलवर आलेली ‘कोटेशन’ नावाची वर्ड फाईल उघडली आणि वर्डनं पॉवरशेल सुरू केला, तर तिथेच थांबून चौकशी करावी. कोटेशन वाचायला पॉवरशेल लागत नाही. आज्ञेचंही तसंच. रनडीएलएल३२ चं काम दुसऱ्या फाईलमधला कोड चालवण्याचं, त्यामुळे त्याच्या आज्ञेत त्या फाईलचं नाव असतंच. ते नाव नसताना तो नुसताच चालू दिसला आणि वर इंटरनेटवरही बोलत असला, तर बहुधा त्याच्या मेमरीत भलताच कोड घुसवलेला असतो. डिस्कवरची फाईल तेव्हाही अस्सलच असते, म्हणून सही तपासून इथे काही हाती लागत नाही.

वेळेचा प्रश्न मला सगळ्यात रंजक वाटतो. आत शिरलेला कोड आपल्या मालकाला ठरावीक वेळानं हाक मारतो, ‘काही काम आहे का?’ दर साठ सेकंदांनी, समजा. माणूस ब्राउझर वापरतो तेव्हा दोन जोडण्यांमधलं अंतर कधी दोन सेकंद, कधी वीस मिनिटं असतं. यंत्राच्या हाकांत मात्र अंतरं जवळजवळ सारखी पडतात. म्हणून दिवसभराची अंतरं मांडून त्यांचा फैलाव किती आहे ते काढतात. हल्लेखोरांनाही हे ठाऊक आहे, ते अंतर मुद्दाम थोडं कमीजास्त करतात. तरी ते एका मध्याभोवतीच घोटाळतं, आणि पुरेशा नोंदी जमल्या की दिसतं. अर्थात विंडोज अपडेट आणि अँटिव्हायरसही ठरलेल्या वेळी हाक मारतात, तेव्हा नुसता ताल हा पुरावा नव्हे.

अडचण आहे ती खोट्या इशाऱ्यांची. दिवसाला दहा हजार जोडण्या होत असतील आणि तपासणी दर शंभर जोडण्यांमागे एक खोटा इशारा देत असेल, तर रोज शंभर खोटे इशारे. चौथ्या दिवसापासून कुणी ते वाचत नाही. मोठ्या कंपनीत पॉवरशेल वापरणारी माणसं ढीगभर असतात, तिथे ही डोकेदुखी खरी आहे. पण आपल्या सीमाभागातल्या छोट्या ऑफिसांची बाजू इथे भक्कम आहे, आणि हे पुरेसं कुणी सांगत नाही. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर एमएसएचटीएनं इंटरनेटवर जाण्याचं काही कारणच नसतं, त्यामुळे तो एकदा जरी गेला तरी इशारा वाचण्यालायक असतो. रोजचं काम जितकं मोजकं, तितकं वेगळं काही चटकन दिसतं.

सुरुवात फुकटात होते. विंडोजमधल्या रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क भागात कुठला प्रोग्रॅम कुठल्या पत्त्याशी जोडलेला आहे ते या क्षणी दिसतं. पण दोन सेकंदांची जोडणी आपण बघेपर्यंत संपते, म्हणून नोंदी हव्यात. मायक्रोसॉफ्टचा सिसमॉन हा प्रोग्रॅम ते काम करतो. त्यात प्रोग्रॅम सुरू झाल्याची नोंद १ क्रमांकाची आणि जोडणीची ३ क्रमांकाची. जोडणीची नोंद मुळात बंद असते, ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते. शिवाय ज्या प्रोग्रॅमना बाहेर जायची गरज नाही, त्यांची वाट फायरवॉलमध्ये बंद करता येते. हे काम कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाकडून जरूर करून घ्या.

नियम मात्र अधूनमधून तपासावे लागतात. विंडोजचा कॅल्क्युलेटर आता चलनाचे दर आणायला इंटरनेटवर जातो, आणि विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये एआयच्या सोयी आल्या आहेत. ‘नोटपॅड बाहेर बोलतोय म्हणजे घात’ हा जुना नियम आता डोळे मिटून लावता येत नाही.

आणि खरंच काही सापडलं तर? आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, पण कॉम्प्युटर बंद करू नका. घुसवलेला कोड बऱ्याचदा फक्त मेमरीत असतो आणि बंद केल्यावर पुरावाही जातो. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा. कंपन्या आणि संस्थांनी अशा घटना सहा तासांत कळवाव्यात आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात, असा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. सिसमॉनची नोंदवही भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, तेव्हा त्यांची प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवायची सोय पहिल्याच दिवशी करून घ्यावी.