रेट सिंड्रोम: १७ वर्षं दुर्लक्षित राहिलेलं निदान

चांगली बसू लागलेली, चार शब्द बोलणारी मुलगी वर्ष-दीड वर्षाची होते आणि मागे जायला लागते. शब्द जातात, हातात वाटी धरता येत नाही, दिवसभर हात चोळणं नि पिळणं सुरू होतं. पुढे फिट येतात, पाठीचा कणा वाकतो. नागपुरात मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयांत, पोचेपर्यंत तिच्या फाइलवर सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) नाहीतर ऑटिझम असं लिहिलेलं असू शकतं. डॉक्टरांना सरसकट दोष देता येत नाही. साधारण दहा हजार मुलींत एकीला होणारा आजार एकटीदुकटीत ओळखणं अवघडच.

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांनाही तो ओळखू आला तो दोघी एकत्र दिसल्यामुळे. १९५४ मध्ये दवाखान्याबाहेर आपापल्या आईच्या मांडीवर बसलेल्या दोन मुली हुबेहूब सारखे हात पिळत होत्या. रेट यांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या, तशा आणखी मुली सापडल्या. १९६६ मध्ये त्यांनी यावर लिहिलं, पण जर्मनमध्ये. शिवाय शीर्षकातच रक्तातल्या वाढलेल्या अमोनियाचा उल्लेख; ते या आजाराचं लक्षण नाही, हे नंतर कळलं. त्यामुळे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. स्वीडनचे डॉक्टर बेंग्ट हागबर्ग १९६० पासून अशाच मुली स्वतंत्रपणे पाहत होते. १९८३ मध्ये फ्रान्स आणि पोर्तुगालच्या सहकाऱ्यांसह त्यांनी ३५ मुलींची माहिती इंग्रजीत छापली आणि आजाराला नाव दिलं ते रेट यांचं. हा मोठेपणाच.

१९९९ मध्ये ह्यूस्टनला हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेत कारण सापडलं: एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी२ या जनुकातला बदल. आपल्याकडच्या घरांसाठी हा शोध औषधाइतकाच मोलाचा आहे. हा बदल बहुतेक वेळा नव्यानेच घडतो, तोही बहुधा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर. म्हणजे गरोदरपणी पाहिलेलं ग्रहण, मामाच्या मुलाशी झालेलं लग्न, आईचं खाणंपिणं यांपैकी कशाचाच संबंध नाही. तरी बोल लागतो तो आईलाच.

२००७ मध्ये शास्त्रज्ञ एड्रियन बर्ड यांच्या गटाने उंदरांमध्ये लक्षणं मागे फिरवून दाखवली. २०२३ मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मंजुरी मिळाली. त्याने लक्षणं काही प्रमाणात कमी होतात, आजार जात नाही. भारताचं दुर्मीळ आजार धोरण २०२१ चं. त्यातलं महाराष्ट्राचं उपचार केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात, नागपूरहून आठशे किलोमीटरवर. फिटची औषधं आणि फिजिओथेरपी मात्र इथेच, आणि ती रोजची.